पात्रतेची पायरी

दिनांक २४ सप्टेंबर २०२५ रोजी कुवेत येथे भारताच्या पुरुषांच्या फुटसाल संघाने मंगोलियाच्या संघास ३-० असे हरविले. आशियाई अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीत या खेळात भारतास लाभलेला हा पहिलाच विजय होय. तथापि गटातील आधीचे दोन्ही सामने, यजमान कुवेत व ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्धचे, भारत हरला होता. त्यामुळे विजय मिळूनही मुख्य स्पर्धेचे दार उघडले नाही. याच वर्षी आठ महिन्यांपूर्वी, १९ जानेवारीस, दिल्लीत भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी खो-खोचे पहिले विश्वचषक जिंकले होते. त्या विजयी महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. आणि गंमत अशी की, त्या विश्वचषकास पात्रता फेरी म्हणून काही नव्हतीच.

पहिल्या खेळात राष्ट्रास दाराबाहेर उभे राहून आपली लायकी सिद्ध करावी लागली. दुसऱ्यात राष्ट्रास नुसते आमंत्रण पुरले. मग दुसऱ्या खेळातील मुलीस काहीच सिद्ध करावे लागले नाही काय? धाराशिव जिल्ह्यात ज्यांनी खो-खोची मैदाने पाहिली आहेत ते या प्रश्नास हसतील. पात्रता ही वस्तू एकच असली तरी तिची परीक्षा दोन ठिकाणी होते. राष्ट्राची परीक्षा देशाबाहेर, आणि खेळाडूची देशाच्या आत. या दोहोंपैकी एक कच्ची राहिली म्हणजे काय होते, हे समजण्यास हे दोन खेळ शेजारी ठेवून पाहणे उपयोगी पडेल.

प्रथम फुटसालविषयी थोडेसे, कारण महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत हे नाव अजून नवखे आहे. १९३० साली उरुग्वे देशाच्या मोंतेविदेओ या राजधानीत हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या व्यायामशिक्षकाने हा खेळ बसविला. त्या वर्षी फुटबॉलचे पहिले विश्वचषक त्याच शहरात होऊन उरुग्वेनेच ते जिंकले होते. गल्लीगल्लीतील पोरे चेंडूमागे वेडी झाली होती आणि मोठी मैदाने मात्र पुरत नव्हती. तेव्हा सेरियानी यांनी बंदिस्त क्रीडागृहातच फुटबॉल आणला. प्रत्येक बाजूस रक्षकासह पाच गडी, सुमारे चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद अशी कठीण जमीन, आणि नेहमीच्या चेंडूहून लहान, फारसा न उसळणारा चेंडू. खेळाची वेळ वीस-वीस मिनिटांची, परंतु चेंडू थांबला की घड्याळही थांबते. म्हणून ही चाळीस मिनिटे खरोखरीच खेळण्याची असतात. गडी कितीही वेळा बदलता येतात, पंचाची परवानगी न मागता. एका अर्धात एका संघाचे पाच दंडनीय अपराध झाले की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्यास दहा मीटरांवरून आडकाठीविना गोलावर मारा करण्यास मिळतो. चेंडू बाहेर गेल्यावर तो हातांनी फेकावयाचा नाही, पायानेच आत आणावयाचा, आणि तोही चार सेकंदांच्या आत. या चार सेकंदांतच खेळाचा स्वभाव आला. विचारास सवड नाही. विचार आधीच करून ठेवावा लागतो.

१९८९ साली नेदरलँड्स देशात जागतिक फुटबॉल संघटनेने या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा भरविली. आशिया खंडाची स्पर्धा १९९९ साली क्वालालंपूर येथे सुरू झाली. तीत पहिल्यापासून इराणचे वर्चस्व राहिले आहे. भारताचा पुरुष संघ मात्र आशियाई पात्रता फेरीत प्रथम उतरला तो २०२३ च्या ऑक्टोबरात, ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे येथे. म्हणजे आशियातील स्पर्धा सुरू होऊन चोवीस वर्षे लोटल्यावर. त्या पहिल्या खेपेस ताजिकिस्तान, पॅलेस्टाईन व म्यानमार यांच्याशी गाठ पडली आणि एकही विजय हाती लागला नाही.

आता ही विभागीय पात्रता फेरी चालते कशी? जागतिक स्पर्धेत साऱ्या जगाचे संघ एकदम बोलाविता येत नाहीत. म्हणून प्रत्येक खंडास ठराविक जागा वाटून दिलेल्या असतात, आणि त्या जागा कोणी भरावयाच्या हे त्या त्या खंडाने आपसात ठरवावयाचे असते. आशियात हे काम आशियाई अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून होते. परंतु त्या स्पर्धेतही सोळाच संघांना स्थान. २०२६ च्या स्पर्धेचे यजमानपद इंडोनेशियाकडे असल्यामुळे तो देश आपोआप आत गेला. राहिलेल्या पंधरा जागांसाठी एकतीस देश होते. त्यांचे आठ गट पाडण्यात आले, सात गट चार-चार संघांचे व एक तीन संघांचा. प्रत्येक गट एकाच गावी जमतो, चार संघांच्या गटातील प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी एकेकदा खेळतो, आणि अवघ्या पाच दिवसांत निकाल लागून मंडळी घरी परततात. गटातील अव्वल संघ सरळ आत जातो. आठ गटांचे आठ झाले. उरलेल्या सात जागा आठ उपविजेत्यांपैकी सरस सातांना.

येथे एक हिशेब निघतो. चार संघांच्या गटातील उपविजेता तीन सामने खेळलेला असतो, तीन संघांच्या गटातील दोनच. मग त्यांची तुलना कशी करावयाची? अशा वेळी प्रघात असा की, मोठ्या गटातील उपविजेत्याने आपल्या गटातील शेवटच्या संघाशी खेळलेला सामना हिशेबातून वगळावयाचा. दुबळ्यावर आठ-दहा गोल चढवून कोणी आपली पत फुगवू नये, हा त्यातील हेतू. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. एखादा संघ मोठ्या ईर्ष्येने शेवटच्या संघास हरवितो, त्या रात्री त्याच्या देशात आनंद होतो, आणि सकाळी हिशेब मांडणारे लोक तो सामना खोडून टाकतात! भारताचा मंगोलियावरील विजय या कोष्टकात शिरला नाही, कारण भारत उपविजेताच नव्हता. परंतु हा नियम ठाऊक नसेल तर कित्येकदा गुणपत्रिका वाचणाऱ्यास आपल्या संघावर अन्याय झाला असे वाटते. अन्याय होत नाही. मोजमापाची पट्टी निराळी असते, इतकेच.

इतकी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भारताच्याच पहिल्या गटातील यजमान ताजिकिस्तानने दिले आहे. दुशान्बेच्या त्याच फेरीतून वर चढून या लहानशा डोंगराळ देशाने २०२४ च्या आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली आणि त्याच वर्षी उझबेकिस्तानात झालेल्या जागतिक स्पर्धेत प्रथमच पाऊल ठेवले. त्याहून विशेष कथा अफगाणिस्तानची. आशियाच्या वाट्याची शेवटची जागा कोणास, हे ठरविण्यासाठी जो जादा सामना झाला त्यात किरगिझस्तानला हरवून अफगाणिस्तानही जागतिक स्पर्धेत प्रथमच दाखल झाला. ज्या देशात शांततेचे एक दशकही धड गेले नाही, त्या देशाच्या पोरांना कोणी सौजन्याने आमंत्रण दिले नव्हते. दार होते, पायऱ्या होत्या, आणि पायऱ्या चढणाऱ्यास आत घेण्याचे वचन होते. पात्रता फेरीचा खरा गुण हाच. ती कोणाचे नाव विचारीत नाही.

पात्रता फेरी नसली म्हणजे काय होते, ते खो-खोच्या विश्वचषकात दिसून आले. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात १३ ते १९ जानेवारी २०२५ या सात दिवसांत पुरुषांचे वीस व महिलांचे एकोणीस संघ खेळले. ब्राझील, पेरू, घाना, केनिया, पोलंड, दक्षिण कोरिया अशा दूरदूरच्या देशांचे खेळाडू पाटीवर बसून ‘खो’ म्हणताना पाहून कोणाही मराठी माणसास कौतुक वाटावे, असेच ते दृश्य होते. परंतु महिलांच्या गटात भारताने दक्षिण कोरियाविरुद्ध केलेले गुण पाहा: १७५ विरुद्ध १८. इराणविरुद्ध १०० विरुद्ध १६. मलेशियाविरुद्ध १०० विरुद्ध २०. पुरुषांच्या उपउपांत्य सामन्यात श्रीलंका १००-४० अशी हरली. ज्या संघास खेळ शिकून फार दिवस झालेले नाहीत, त्याच्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलेला संघ उभा केला की असे आकडे निघणारच. त्यात त्या पाहुण्यांचा दोष नाही. उलट, एवढ्या लांबून येऊन हरण्याची तयारी दाखविणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. मात्र खेळाच्या हिताच्या दृष्टीने १७५ विरुद्ध १८ हा आकडा अभिमानाने मिरविण्याजोगा आहे असे वाटत नाही. पात्रता फेरी बलवानांस रोखण्यासाठी नसते. नवख्यांस आपल्या तोडीच्या गड्यांशी खेळून शिकता यावे, यासाठीही ती असते. मंगोलिया आणि भारत कुवेतमध्ये एकमेकांस भेटले, त्यात दोघांचेही कल्याण होते.

त्याच विश्वचषकात पुरुषांच्या गटातील पहिला सामना भारताने नेपाळशी खेळला व तो अवघ्या पाच गुणांनी, ४२-३७ असा जिंकला. अंतिम सामन्यातही नेपाळच समोर आले आणि ५४-३६ असे हरले. महिलांच्या अंतिम सामन्यातही प्रतिस्पर्धी नेपाळच होते. तेथे निकाल ७८-४० असा लागला. म्हणजे ज्याच्याशी खरी झुंज होणार असा एक शेजारी तरी आशियातच तयार झाला आहे. ३७ हा विषम आकडा खो-खो जाणणाऱ्यांच्या डोळ्यांत भरेल. या नव्या पद्धतीत गडी बाद केल्याचे गुण दोन-दोनांनी वाढतात. विषम संख्या येते ती बचाव करणारी तुकडी ठरलेल्या वेळेपलीकडे टिकून राहिली तर तिला मिळणाऱ्या जादा गुणामुळे. नेपाळचे गडी नुसते पळाले नाहीत, टिकले.

आता धाराशिवकडे वळू. भारतीय संघास दिल्लीत पात्रता फेरी खेळावी लागली नाही हे खरे. परंतु त्या संघात शिरण्यासाठी प्रत्येक खेळाडूने जी शिडी चढली, तिच्या खालच्या पायऱ्या असल्या जिल्ह्यांतच आहेत. धाराशिव जिल्हा म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आला. १९८२ साली त्यातून लातूर वेगळा झाला, आणि आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी हे आठ तालुके उरले आहेत. बालाघाटच्या डोंगररांगा, बेभरवशाचा पाऊस, आणि वर्षाआड दुष्काळाची धास्ती. १९९३ च्या भूकंपाने उमरगा व लोहारा या भागांतील गावेच्या गावे भुईसपाट केली. देशातील मागास म्हणून विशेष लक्ष पुरवावयाच्या जिल्ह्यांची जी यादी २०१८ साली केंद्राने केली, तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत याचे नाव होते.

अशा जिल्ह्यात खो-खो रुजावा, यात आश्चर्य नाही. ज्या खेळास दोन खांब, दोरीने आखलेली एक मधली पाटी, आणि धावण्याजोगी मऊ केलेली माती पुरते, तो खेळ गरिबाच्या दारी सहज येतो. आठ गडी आळीपाळीने एकमेकांच्या विरुद्ध दिशेस तोंड करून पाटीवर बसतात, नववा पाठलाग करतो. त्यास मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशाही खांबापर्यंत गेल्यावाचून बदलता येत नाही. पळणाऱ्यास मात्र कोणतेच बंधन नाही. बंधन पाळणाऱ्यांनी बंधन नसलेल्यास पकडावयाचे, ते केवळ एकजुटीच्या जोरावर. या खेळाची पहिली लिखित नियमावली १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने तयार केली. मैदानावर घाम गाळणाऱ्या धाराशिवच्या मुलींना त्या सालाशी काही कर्तव्य नसेल. परंतु नियम लेखी झाले म्हणूनच पुण्याचा संघ आणि पुढे धाराशिवचा संघ एकाच मापाने मोजला जाऊ लागला, हे विसरता येत नाही. पात्रतेची पहिली अट एकसारखे नियम ही आहे.

येथून शिडी सुरू होते, आणि ती दुहेरी आहे. एक शाळेची. तालुक्याच्या स्पर्धेतून जिल्ह्याच्या, तेथून लातूर विभागाच्या, पुढे राज्याच्या आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धेत. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे तिचे टप्पे. दुसरी संघटनेची. जिल्ह्याचा संघ निवडला जातो, तो महाराष्ट्र खो-खो असोसिएशनच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेत इतर जिल्ह्यांशी झुंजतो, आणि त्यातून राज्याचा संघ निघतो. किशोर-किशोरी, कुमार-मुली, पुरुष-महिला असे तिचे तीन मजले. प्रत्येक मजल्यावरील राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडूंस जे पुरस्कार देतात त्यांची नावे मोठी वेधक आहेत: लहानांना भरत आणि इला, कुमारांना वीर अभिमन्यू आणि जानकी, मोठ्यांना एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई. अभिमन्यूचे नाव ज्याने सुचविले त्याने खो-खो नीट पाहिला असला पाहिजे. बसलेल्या आठ गड्यांच्या रांगेतून नागमोडी पळणारा पोर चक्रव्यूहात शिरल्यासारखाच दिसतो, फक्त यास बाहेर पडणेही येते.

राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राबरोबर विदर्भ व कोल्हापूर यांचे संघ स्वतंत्र उतरतात. रेल्वे व विमानतळ प्राधिकरण यांचेही असतात. नोकरी करणारा प्रौढ खेळाडू व शाळेतून नुकता बाहेर पडलेला पोर यांची गाठ येथे पडते. २०२२ साली ५५ वी वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा खुद्द उस्मानाबादेतच भरली. ज्या गावाने एरवी आपली मुले दूरच्या गावी पाठविली त्या गावी साऱ्या देशाचे खेळाडू आले. महाराष्ट्राने पुरुष व महिला ही दोन्ही अजिंक्यपदे तेथे पटकाविली.

विश्वचषकासाठी यानंतरची पायरी दिल्लीच्या शिबिराची होती. देशभरातून साठ पुरुष व साठ महिला खेळाडू तेथे बोलाविण्यात आले आणि त्यांतून पंधरा-पंधरांचे दोन संघ निघाले. चारांत एक. हे प्रमाण कुवेतच्या गटाइतकेच झाले. तेथेही चारांत एकच अव्वल. फरक एवढाच की, कुवेतमध्ये उपविजेत्याला आशा उरते, शिबिरातील सोळाव्यास उरत नाही. पुरुषांच्या संघाचे नायकत्व पुण्याच्या प्रतीक वाईकर यांच्याकडे व महिलांचे प्रियांका इंगळे यांच्याकडे आले. पुरुषांच्या संघात सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरचे रामजी कश्यप होते. वेळापूरसारख्या गावातून जगज्जेत्या संघाचा गडी निघतो, तो योगायोगाने निघत नाही.

शिडी असली म्हणजे सारे सुरळीत झाले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. उस्मानाबादच्याच सारिका काळे यांचे उदाहरण बोलके आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या महिला संघाने खो-खोचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्या संघाच्या नायिका होत्या. २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्यास हा सन्मान दोन दशकांहून अधिक काळानंतर आला होता. त्या प्रसंगी त्यांनीच सांगितले की, जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एका वेळच्या जेवणावर काढली, आणि शिबिरास किंवा स्पर्धेस गेले म्हणजेच बरे अन्न मिळे. घरच्या परिस्थितीमुळे २०१६ सालीच खेळ सोडून देण्याचे त्यांच्या मनात येऊन गेले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली म्हणून त्या मैदानावर परतल्या. हे लक्षात घेतले म्हणजे शिबिराच्या पायरीस दुसराही एक अर्थ प्राप्त होतो. शहरातील सुखवस्तू घरच्या मुलास शिबिर म्हणजे मेहनत. दुष्काळी जिल्ह्यातील मुलीस तेच दोन वेळचे जेवण. पायरी चुकली तर नुसती स्पर्धा हुकत नाही.

आणखी एक अडचण गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहे, ती मातीची. धाराशिवच्या मुलामुलींनी खेळ मातीवर शिकला. आंतरराष्ट्रीय सामने मात्र आता बंदिस्त क्रीडागृहात, गादीवर खेळले जातात. मातीवर सूर मारणे निराळे आणि गादीवर निराळे. मातीवर पाय किंचित घसरतो व त्या घसरण्याचा उपयोग चतुर गडी हुलकावणी देण्यासाठी करतो. गादीवर पाय जागीच रुततो, वळण तीव्र घेता येते, पण गुडघ्यावर ताण येतो. पद्धतही बदलली. पूर्वीच्या नऊ-नऊ मिनिटांच्या डावांऐवजी विश्वचषकात सात-सात मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या, मैदानावर नऊऐवजी सात गडी होते, आणि त्यांतील एकास ‘वजीर’ नेमून दोन्ही दिशांनी पाठलाग करण्याची मोकळीक दिली होती. खेळ प्रेक्षकांसाठी वेगवान झाला, हे नाकारता येत नाही. परंतु ज्या तालुक्यास गादी घेणे परवडत नाही, तेथील मुलाची परीक्षा एका विषयाची आणि निवड दुसऱ्याच विषयात, असे होऊ लागले आहे. दोन खांब व माती यांच्या बळावर जो खेळ गरिबाचा झाला, तो वरच्या पायरीवर श्रीमंत होत चालला आहे. याचा विचार खेळाच्या धुरीणांनी करावा लागेल. आणि तो मुंबई-पुण्याच्या क्रीडागृहात बसून होणार नाही.

फुटसालची अडचण नेमकी याच्या उलट. तेथे वरची पायरी पक्की, खालच्याच डगमगतात. २०१६ साली भारतात फुटसालची एक मोठी व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली होती. चेन्नई व गोवा येथे तिचे सामने झाले. ब्राझीलचे रोनाल्डिन्यो व फाल्काव यांच्यासारखे जगप्रसिद्ध खेळाडू तीत उतरले, आणि पहिले विजेतेपद मुंबईच्या संघास मिळाले. थाट मोठा होता. परंतु अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची तिला मान्यता नव्हती, आणि दोन हंगामांनंतर ती थंडावली. तीत चमकलेल्या तरुणास तेथून भारताच्या संघाकडे नेणारी एकही पायरी नव्हती. कारण तेव्हा आशियाई फेरीत उतरणारा भारताचा संघच नव्हता. महासंघाची स्वतःची राष्ट्रीय क्लब स्पर्धा सुरू झाली ती २०२१ साली, आणि देशाचा संघ दुशान्बेस गेला तो त्यानंतर दोन वर्षांनी. क्रम असा आहे हे ध्यानात घेतले म्हणजे मंगोलियावरील तीन गोलांचे मोल कळते. पाच वर्षांपूर्वी ज्या शिडीचे लाकूडही तोडलेले नव्हते, तिच्यावरून इतके चढून जाणे हे थोडे नव्हे. कुवेत आणि ऑस्ट्रेलिया यांच्याशी बरोबरी करावयाची तर मात्र चाळीस मीटर लांबीची कठीण, झाकलेली जमीन जिल्ह्याजिल्ह्यात पाहिजे, आणि तेथे वयोगटांचे सामने वर्षानुवर्षे झाले पाहिजेत. एका शिबिराने हे साधत नाही.

खो-खोचे विश्वचषक पुढेही होत राहिले आणि देशांची संख्या वाढत गेली, तर आज ना उद्या खंडवार पात्रता फेऱ्या घ्याव्याच लागतील. तसे झाले म्हणजे भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका हे एकाच खंडात येतात, आणि जागा मोजक्या असल्या तर त्यांतील एखादा चांगला संघही बाहेर राहील. पेरू किंवा पोलंड आत आणि बांगलादेश बाहेर, हे पाहून पुष्कळांस राग येईल. फुटबॉलच्या जगात हा वाद जुना आहे. तेथेही तुल्यबळ संघांची गर्दी एका खंडात आणि जागा दुसऱ्यात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचा पुरता निकाल अजून कोणास लावता आलेला नाही. भारताला मात्र त्या फेरीत यजमान म्हणून आत जाण्याची सवय सोडावी लागेल; दुसऱ्याच्या गावी, दुसऱ्याच्या गादीवर, पाच दिवसांत तीन सामने खेळावे लागतील.

सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला त्या वर्षी त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम पाहत होत्या. तालुक्याच्या स्पर्धा भरविणे, शाळांचे संघ लावून घेणे, वयाचे दाखले तपासणे ही कामे या अधिकाऱ्यांकडे असतात. ज्या पायरीवरून त्या स्वतः चढल्या, तिच्यावर उभ्या राहणाऱ्या पुढच्या मुलींची नावे अशाच वहीत प्रथम लिहिली जातात.